हिचा लेसोथो

लेसोथोचं खूळ माझं. दक्षिण आफ्रिकेच्या पोटात डोंगरांचं एवढंसं राज्य, अजून राजा असलेलं. निवृत्त झाल्यावर दोन वर्षं मी अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉयच्या घरात नकाशे पसरून बसलो होतो. बायको म्हणायची, "अहो, त्यापेक्षा हवाईला जाऊ या ना!"

गेलो एकदाचे. तिथल्या एका वरच्या खेड्यात तट्टूवर बसूनच जाता येतं. वाटाड्याने तट्टूकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मान हलवली. मी पायथ्याशी खुर्चीत बसलो आणि गराजमधून गाडी मागे घ्यायलाही मला हाक मारणारी ही, त्याने दिलेलं जाड ब्लँकेट पांघरून डुलत डुलत डोंगर चढून गेली. सहा तास मी नुसता जळत होतो. खाली आली तेव्हा गाल लाल झाले होते. "काय काय पाहिलंस?" विचारलं, तर म्हणाली, "छान होतं." बस्स, एवढंच.

परत आल्यावर मीच सांगत सुटलो. गवती छपरांची गोल दगडी घरं, दारापुढच्या काठीला पांढरं फडकं दिसलं की समजायचं, आत घरची बिअर तयार आहे. सगळं पुस्तकात वाचलेलं. "आम्ही वर गेलो तेव्हा" असं कधी म्हणू लागलो, माझं मलाच कळलं नाही. हिने चारचौघांत मला एकदाही खोटं पाडलं नाही, आणि त्याचाही मला राग यायचा.

गेल्या महिन्यात आमच्याकडे पॉटलक होतं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणला होता. बर्फ आणायला गेलो, तर किचनमधून हिचा आवाज आला. पुण्याहून नुकत्याच आलेल्या शेजारच्या मुलीला सांगत होती, "वर एका म्हातारीने मला तिच्या ब्लँकेटमध्ये घेतलं गं. दोघी उन्हात बसलो. भाषा कळत नव्हती, तरी हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. लगाम असा धर, पाय तिथे ठेव, सांगायला हे नव्हते ना! यांना सांगितलं नाही कधी, वाईट वाटेल."

त्या म्हातारीचा मला भयंकर हेवा वाटला. माझ्याशेजारी बसून ही तशी कधी हसली होती, ते आठवेना.

बर्फ न घेताच बाहेर पाहुण्यांत आलो, तर एक तरुण म्हणाला,

"काका, ती पोनीची स्टोरी सांगा ना! हे लोक लास्ट टाइम मिस झाले होते."

"मी वर गेलोच नव्हतो," मी म्हणालो. "काकूला विचारा."

ही आली, माझ्याच खुर्चीत बसली आणि सांगू लागली. खेड्यापर्यंत पोचली, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हातारीबद्दल अवाक्षरही न काढता डोंगर उतरली.