अण्णांच्या हातातली थरथर

"ताई, हात बोलंना आज," फोनवर अण्णा म्हणाले.

सकाळच्या शिफ्टचे पेशंट नुकतेच मशीनला लावले होते. मी संगमनेरच्या एका हॉस्पिटलमध्ये डायलिसिस टेक्निशियन आहे. अण्णा अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावचे. आयुष्यभर जीप चालवली. शुगर आणि बीपीनं किडन्या गेल्या, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा आमच्याकडे येतात. त्या दिवशी त्यांचा वार नव्हता.

"थरथर अजिबात लागत नाही?" मी विचारलं.

"काल लागत हुती. आज न्हाई. मथुरानं बी हात लावून बघितला."

ही थरथर काय ते सांगते. डायलिसिससाठी रक्त जोरात बाहेर यावं लागतं, साध्या शिरेतून ते येत नाही. म्हणून ऑपरेशन करून हातातली धमनी शिरेला जोडतात. त्याला फिस्टुला म्हणतात. ती शीर फुगते आणि तिच्यावर बोटं ठेवली की मांजर घुरघुरल्यासारखी थरथर जाणवते. थरथर बंद पडली म्हणजे बहुतेक आत गुठळी झाली. लवकर काढली तर फिस्टुला वाचतो, उशीर केला तर कायमचा जातो. अण्णांच्या डाव्या हाताचा आधीच गेला होता. उरला होता हा उजवा.

रोज सकाळी हात तपासा, असं आम्ही प्रत्येक पेशंटला सांगतो. बरेच जण मान हलवतात आणि विसरतात. अण्णा मानही हलवायचे नाहीत. सुरुवातीला ते सगळ्यांवर चिडलेले असत. सुई टोचली की शिवी, पाणी मोजून प्या म्हटलं की शिवी. घरी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

त्यांच्या बायकोनं, मथुराबाईंनी, त्यावर आपला उपाय काढला. किडनीच्या पेशंटला चहासुद्धा अर्धाच कप मिळतो. "आज काय चांगलं हाय ते एक सांगा, मग कप देते," असं त्या म्हणायला लागल्या.

"किडनी गेली ते चांगलं का?"

"ते सोडून सांगा."

बरेच दिवस तो अर्धा कप गार होत राहिला. मग एकदा अण्णा वैतागून म्हणाले, "हा हात चालू हाय, हे चांगलं. झालं?" हे मला मथुराबाईंनीच हसत हसत सांगितलं होतं.

पुढे सवय लागली. उठल्यावर उजव्या हातावर डावा तळवा ठेवायचा, आणि थरथर लागली की म्हणायचं, "चालू हायेस, लई उपकार झाले बाबा." हळूहळू बाकीचंही सुचायला लागलं. रात्री धाप लागली नाही. पुतण्यानं जीप वेळेवर काढली. नात मांडीवर झोपली. आमच्याकडे शिवीच्या जागी "बरी टोचली, ताई" आलं. पाण्यावरून मात्र अजूनही चिडतात.

मी फोनवर म्हटलं, "हात चोळू नका, दाबू नका. मिळेल त्या गाडीनं निघा."

ड्युटीवरचे मेडिकल ऑफिसर नवीन होते. "आज त्यांचा टर्न नाही आणि बेड फुल आहेत," ते म्हणाले. "उद्या येतीलच ना?"

"सर, बेड नको. नुसता हात बघायचाय. उद्यापर्यंत उशीर होईल."

"आणि त्यांना नुसतं वाटत असेल तर?"

"रोज हात लावून बघणारा माणूस आहे, सर. नुसतं वाटलं असेल तर चांगलंच, परत पाठवू."

त्यांनी आमच्या किडनीच्या डॉक्टर मॅडमना स्वतःच फोन लावला.

अण्णा आले ते बाही वर करूनच. मॅडमनी स्टेथोस्कोप लावला, मग डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारं यंत्र.

"गुठळी आहे," त्या म्हणाल्या, "पण ताजी आहे. नाशिकच्या सर्जनशी मी बोलते. तुम्ही आत्ताच निघा."

मॅडमचा नाशिकला फोन चालू होता तेव्हा अण्णा बाकावर बसले होते. उजवा हात त्यांनी तान्ह्या पोरासारखा डाव्यात धरला होता.

"ह्यो बी गेला तर मानेत नळी घालणार का, ताई?"

"डायलिसिससाठी तात्पुरती घालावी लागेल. पण अजून गेलेला नाही, अण्णा."

ते मथुराबाईंकडे वळले. "आज चांगलं काय सांगू? मला काय सुचंना."

"सकाळीच कळलं, हे चांगलं," मथुराबाई म्हणाल्या. "चला, गाडीत बसा."

दिवसभर माझं अर्धं लक्ष मोबाईलकडे होतं. संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. गुठळी निघाली होती. शिरेत एक जागा अरुंद झाली होती, ती आत बारीक फुगा फुगवून मोकळी केली होती. थरथर परत आली होती. मी स्टुलावर बसले आणि सकाळपासून तसाच राहिलेला डबा उघडला.

पुढच्या टर्नला मी त्यांच्या हातावर बोटं ठेवली. थरथर चांगली जोरदार होती. सुया नीट गेल्या, पंप पूर्ण स्पीडला चालला, एकही अलार्म वाजला नाही. अण्णा मशीनवरच घोरायला लागले.

आजार आहे तिथंच आहे. तो उपकार मानून बरा होत नाही, आणि तसं मी कुणाला सांगतही नाही. पण नव्या पेशंटला मी आता नुसतं "फिस्टुला तपासा" म्हणत नाही. हात ठेवा आणि चालू असला तर त्याचे आभार माना, असं सांगते. काही जण हसतात. हसोत बापडे. त्या निमित्तानं हात तपासला जातो, आणि मला तेवढंच हवं असतं.