मास्तरांचे मापाचे गोळे

मास्तरांचं शिवणाचं दुकान रस्त्याला लागून आणि घर दुकानाला लागून. मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे मास्तरांचं राज्य, पलीकडे त्यांच्या बायकोचं. बत्तीस वर्षांत या सरहद्दीवर एकही चकमक झाली नव्हती, कारण मास्तर पलीकडे फक्त जेवायला जात आणि बायको अलीकडे फक्त जेवायला बोलवायला येई.

मास्तर म्हणजे साडेपाच फुटांचा माणूस आणि त्यावर सहा फुटांचा अभिमान. गळ्यात टेप, कानावर खडूचा तुकडा, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या तोंडात धरून बोलायची कला त्यांना इतकी साधली होती की टाचण्या नसल्या तरच ते अडखळत. एकाच मापाचे दोन शर्ट त्यांनी जन्मात शिवले नाहीत. "सगळ्यांना एकच माप लावतो तो शिंपी नव्हे, गोणपाट शिवणारा," असं ते गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक मान डोलवी, कारण तेव्हा त्याच्या मानेभोवती टेप असे.

दुकानात एक पाटी होती: "कापड भिजवल्याशिवाय कात्री लावली जाणार नाही." कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून ते आधी भिजवायचं आणि मगच कापायचं. तीस वर्षांपूर्वी एका सकाळी मास्तरांनी ही पाटी स्वतः रंगवून टांगली होती. एकाएकी का, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

तर एका गुरुवारी मास्तरांची बायको वरच्या फळीवरची बरणी काढताना स्टुलावरून पडली. बरणी वाचली, मनगट गेलं. उजव्या हाताला प्लॅस्टर, सहा आठवडे. आणि शनिवारी सकाळी, हातात बॅग घेऊन, हेडबाई दारात उभ्या राहिल्या.

हेडबाई म्हणजे मास्तरांची थोरली मेहुणी. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण ही बातमी अजून त्यांच्या आवाजापर्यंत पोचली नव्हती. मागे बहिणीला कावीळ झाली तेव्हा त्या पंधरा दिवस राहून गेल्या होत्या. त्या पंधरवड्यात न्हाणीघराच्या दारावर वेळापत्रक लागलं, मास्तरांच्या चारही कात्र्यांवर चिठ्ठ्या चिकटल्या आणि मास्तरांच्या ऐंशी वर्षांच्या वडिलांना रोज सकाळी सात वाजता हात वर, हात खाली करावं लागलं. म्हातारबुवा अजून झोपेत मधूनच हात वर करत.

"सहा आठवडे राहीन म्हणते," हेडबाई म्हणाल्या. "या घरात स्वयंपाक येणारं दुसरं कोण आहे?"

"मला येतो," मास्तर म्हणाले. टाचण्या तोंडात नव्हत्या, तरी हे न अडखळता निघून गेलं.

"तुम्हाला? काय येतं?"

समोर बायकोने खाटकाकडून मागवलेला खिमा होता आणि टोपलीत टोमॅटो. "खिम्याचे गोळे. टोमॅटोच्या रसात."

"ठीक आहे. उद्या दुपारचं जेवण तुम्ही एकट्याने करायचं. जमलं, तर मी चारच्या बसने परत. नाही जमलं, तर बॅग उघडते."

आता या दोघांमधलं जुनं दुखणं सांगायला हवं. तीस वर्षांपूर्वी मास्तरांनी हेडबाईंना एक राखाडी कोट शिवून दिला होता. एकदा अंगावर चढला, एकदा धुतला गेला, आणि तिसऱ्या खेपेस शाळेच्या वार्षिक समारंभात हेडबाईंनी "शांतता!" म्हणून हात वर केला. शांतता झाली. त्या शांततेत काखेपासून पाठीपर्यंत जी टर्र झाली, ती सहाशे पोरांनी ऐकली. हेडबाई म्हणाल्या, कापड न भिजवता शिवलं, म्हणून आटलं. मास्तर भर दुकानात चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "माप देताना तुम्ही श्वास रोखून पोट आत घेतलं होतं!" तेव्हापासून हेडबाई गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शिंप्याकडे जाऊ लागल्या आणि दोघांमध्ये तो कोट न घालताच टांगलेला राहिला.

त्यामुळे मास्तरांच्या दृष्टीने उद्याची परीक्षा नुसत्या गोळ्यांची नव्हती.

शनिवारी संध्याकाळी ते वही-पेन्सिल घेऊन घरभर मापं घ्यायला निघाले. "बोला, कुणाला कसा हवा?"

"अहो, सगळ्यांना एकच मसाला घालतात," बायको म्हणाली.

"गोणपाट!" मास्तर म्हणाले आणि लिहू लागले.

बायकोला भरडलेली मिरी. म्हातारबुवांना जायफळ, "आणि अरे, पाव जास्त भिजवून घाल, गोळा जिभेनं फुटला पाहिजे, दातांचा भरवसा नाही." लेक पोस्टात नोकरीला, दिवसभर शिक्के मारून वैतागलेली. ती म्हणाली, "बाबा, लसूण. लाज सोडून लसूण. आणि लाल तिखट." स्वतःसाठी मास्तरांनी बडीशेप आणि किसलेली लिंबाची साल ठरवली.

"आणि ताई, तुम्हाला?"

"मीठ आणि थोडा सुकवलेला पुदिना. लसूण नको. नुसत्या वासाने माझं डोकं उठतं."

रविवारी सकाळी मास्तरांनी पडदा बाजूला सारून परमुलखात पाऊल टाकलं. दुधात पाव भिजवला, अंडी फोडली, कांदा इतका बारीक चिरला की जणू काजं करायची होती. खिम्याचे पाच वाटे, पाच मसाले. गोळे तराजूवर तोलून तीस वळले, सगळे एकसारखे. टोमॅटो उकळत्या पाण्यातून काढून सोलले, कांद्यावर परतले, चिमूटभर साखर घातली. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की मोठं पातेलं एकच. रसात बुडाल्यावर कुठला गोळा कुणाचा, हे कसं कळणार?

पण शिंप्याचं डोकं! ते दुकानात गेले आणि पाच रंगांचे दोरे घेऊन आले. बायकोच्या गोळ्यांना निळा, वडिलांच्या पिवळा, लेकीच्या लाल, स्वतःच्या पांढरा, हेडबाईंच्या हिरवा. प्रत्येक गोळ्याच्या कमरेला एक फेरा आणि वर शिंप्याची गाठ, जी जन्मात सुटायची नाही. कंबरपट्टे बांधलेले तीस गोळे ताटात असे दिसत होते, की आता कवायतच सुरू करतील. मास्तरांनी ते तेलावर हलकेच फिरवले, रसात सोडले आणि वर झाकण ठेवलं. पाऊण तास ते त्या झाकणासमोर शीळ घालत उभे होते.

झाकण काढलं आणि शीळ अर्ध्यावर राहिली. गोळे खाली बसले होते. वर रसावर रंगीत कड्या तरंगत होत्या. एकही गाठ सुटली नव्हती. गोळेच बारीक होऊन पट्ट्यांतून निसटले होते.

"अगं," मास्तरांनी बाहेर हाक घातली, "खिमा शिजताना आटतो का?"

"आटतो की! का हो?"

"काही नाही. सामान्यज्ञान."

त्यांनी वास घेऊन पाहिलं. पातेल्याला मिळून एकच वास, आणि तो इतका झकास की त्यातून कुणाला वेगळं काढणं अशक्य. मग त्यांनी चिमट्याने कड्या वेचायला घेतल्या. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. तिसावी सापडेना. तेवढ्यात बाहेरून "साडेबारा!" असा आवाज आला आणि मास्तरांनी देवाचं नाव घेऊन डावाने वाढायला सुरुवात केली.

टेबलावर पहिला घास लेकीने घेतला. "बाबा, हा तर पुदि..." मास्तरांनी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तो पाय बायकोचा निघाला.

"अहो, पाय का दाबताय? माझा तर हात मोडलाय."

"अरे, हा चावतोय की!" म्हातारबुवा डोळे पुसत आनंदाने ओरडले. "चाळीस वर्षांनी काहीतरी चावलं मला! अजून एक वाढ."

हेडबाई शिस्तीत जेवत होत्या. त्यांनी पहिला गोळा संपवला, दुसरा अर्धा केला, आणि एकदम थांबल्या. दोन बोटं ओठांशी नेली आणि तोंडातून सावकाश एक लाल दोरा बाहेर काढला. गाठीसकट.

कुणीही हात वर न करता शांतता झाली.

"हे काय आहे, मास्तर?"

खोटं बोलायला मास्तरांना टाचण्या लागत, आणि त्या दुकानात राहिल्या होत्या. "ताई, तो कंबरपट्टा. ओळखू यावे म्हणून बांधले होते. खिमा आटला, पट्टे निसटले, आणि आता कुणाच्या ताटात कुणाचा गोळा आहे ते मला माहीत नाही. लाल म्हणजे लसूण. तुम्ही अर्धा गोळा लसूण खाल्लात."

"बाई, डोकं उठलं का?" म्हातारबुवांनी काळजीने विचारलं.

हेडबाईंनी क्षणभर डोक्याचा अंदाज घेतला. "अजून बसलेलंच आहे," त्या म्हणाल्या आणि उरलेला अर्धा गोळा तोंडात टाकला. मग मास्तरांकडे वळल्या. "म्हणजे आटणार हे लक्षात न घेता माप घेतलंत."

"हो."

"न भिजवता कापलंत, म्हणा की."

"तसंच म्हणा."

"आणि कोट?"

लेकीचा पाव हातात राहिला. बायको प्लॅस्टरकडे बघू लागली. पडद्याच्या फटीतून मास्तरांना दुकानातली ती पाटी दिसत होती. तिच्यावरची अक्षरं तीस वर्षांत जरा उडाली होती, पण वाचता येत होती.

"त्या आठवड्यात अकरा कपडे द्यायचे होते," ते म्हणाले. "कापड भिजवून वाळवायला दोन दिवस जातात. नाही भिजवलं, ताई. पाटी त्यानंतरच लावली."

बसच्या वेळेचा आणि बॅगेचा विचार करून मास्तरांनी मान खाली घातली. सहा आठवडे, म्हणजे बेचाळीस सकाळी. कात्र्यांवर चिठ्ठ्या. हात वर, हात खाली.

हेडबाईंनी रुमालाने ओठ टिपले. लाल दोऱ्याची गुंडाळी करून ताटाच्या कडेला ठेवली. मग वर्गात कधीच न काढलेल्या आवाजात म्हणाल्या, "आणि मी श्वास रोखला होता."

"काय सांगतेस, ताई!" बायको म्हणाली.

"दीड इंचभर."

दोन, मास्तरांच्या जिभेवर आलं. त्यांनी पटकन एक अख्खा गोळा तोंडात भरला. तो निघाला जायफळाचा, आणि मऊ असल्यामुळे फार काळ पुरला नाही, पण वेळ निभावून गेली.

म्हातारबुवांनी चौथ्यांदा ताट पुढे केलं. हेडबाईंनी तिसऱ्यांदा. "वाढा. रंग विचारू नका."

साडेतीनला त्यांनी बॅग उघडली. मास्तरांच्या पोटात गोळा आला, म्हणजे पोटात होते त्यांच्याशिवाय आणखी एक. वर स्वयंपाकघराचं वेळापत्रक होतं, लाल-निळ्या शाईत आखलेलं. ते हेडबाईंनी दुमडून बाजूला ठेवलं. त्याखाली नवंकोरं राखाडी कापड होतं, घडी न मोडलेलं.

"चार वर्षं पडून आहे," त्या म्हणाल्या. "त्या दुसऱ्या शिंप्याच्या हाती द्यायचा धीर होत नाही. तो सगळ्यांना एकाच मापाचं शिवतो."

"गोणपाट," म्हातारबुवा म्हणाले.

मास्तरांनी गळ्यातला टेप काढला. लेक वही-पेन्सिल घेऊन उभी राहिली, कारण मास्तर आकडे मोठ्याने सांगत आणि दुसरा लिहून घेई, हा दुकानाचा शिरस्ताच होता. हेडबाई ताठ उभ्या राहिल्या, खोल श्वास घेतला आणि सगळ्यांदेखत तो पूर्ण सोडून दिला. मास्तरांनी टेप फिरवला. आकडा पाहिला. तोंड उघडलं.

मग ते मिटलं. लेकीच्या हातातून वही घेऊन आकडा त्यांनी स्वतः लिहिला आणि वही बंद केली.

हेडबाईंनी चारची बस गाठली. जाताना म्हणाल्या, "ट्रायल पुढच्या रविवारी. साडेबाराला. माझे गोळे लाल दोऱ्याचे."

बस वळणाआड गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, सहा आठवडे टळले म्हणून खूश होऊ नका. आता दर रविवार लागला."

पण मास्तरांचं लक्ष नव्हतं. ते बाह्या वर सारून न्हाणीघरात बसले होते आणि राखाडी कापडाची घडी मोडून बादलीत बुडवत होते. कापड तरंगून वर येत होतं आणि ते पुन्हा पुन्हा तळाशी दाबत होते.