थेंबभरही पुरतं

बाबांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. तपासणीच्या रंगानं पेशी वाळलेल्या रक्तासारख्या तपकिरी झाल्या होत्या.

"जिथे तपकिरी, तिथे रिसेप्टर. पुरुषी हार्मोन टिपणारे," त्या म्हणाल्या. "इंजेक्शनांनी आपण हार्मोनचा पुरवठा तोडला, तर या पेशींची जनुकं चवताळली. रिसेप्टर वाढतच चाललेत. आता वाढायला थेंबभरही पुरतं त्यांना."

मला ते लगेच कळलं. लहानपणी बाबा मला पट्ट्यानं फोडून काढायचे, तेव्हा माझेही कान असेच वाढले होते. खुंटीवरचा पट्टा नुसता हलला, तरी मला पलंगाखाली ऐकू यायचं.

बाहेर बाकावर बाबा थकून बसले होते.

"काय म्हणाल्या गं डॉक्टर?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

उत्तराआधी माझा हात कानशील झाकायला वर गेला.