हाकेच्या अंतरावरचं घर

ह्याईले सरणावर ठेवलं तेव्हा बी ह्याईचा कॉम्प्युटर आमच्यासाठी घरं काढूनच राह्यलता.

मानूस गेला, हे मशीनले कोनी सांगतलंच नाही.

आज वर्ष झालं.

आमचे हे आर्किटेक्ट. वणीत ऑफिस. लोकाईची एवढी घरं काढली, आमचं मात्र किरायाचं.

पह्यले पेन्सिल घेऊन बसत. एक रेघ, मंग चहा. पुन्हा खोडत, पुन्हा चहा.
मी म्हनो, "अवो, भिंतच टाकून राह्यले ना? का सोयरीक जुळवून राह्यले?"

मंग ते नवं सॉफ्टवेअर आलं. रेघ मारनं बंद. आता फक्त अटी टाकायच्या. ऊन इतकंच पाह्यजे, वारा इकडूनच पाह्यजे, खाणीच्या कोळशाची धूळ आत नको. घरं मशीन काढे, ढीगभर.

मानूसच बदलला. जेवता जेवता भाजीकडं पाहत, "हिच्यातलं मीठ कमी केलं त बाकी काय काय बदलन?"
म्हनलं, "बायको बदलन. गपचूप जेवा."

आमचं घर काढाले घेतलं तेव्हा मले ऑफिसात नेऊन इचारलं, "तुले काय पाह्यजे?"
"सैपाकघरात मोठी खिडकी. अन् तुमाले?"

ह्याईनं जुनी पेन्सिल उचलून पाह्यली, परत ठेवली.

"कागदावर काढत होतो तेव्हा मले हे कोनी इचारलं नाही. हे मशीन नेमकं तेच इचारते."

अन् अट टाकली. सैपाकघरातून तुही हाक माह्या टेबलापर्यंत आली पाह्यजे.

"ऐकून बी उठत नाही तुमी! त्याची अट टाका ना!"

हासले. मशीन चालू ठेवून घरी आले. जेवले. दुपारी आडवे झाले, ते उठलेच नाही.

परवा ह्याईचे पार्टनर सुनीलभाऊ लॅपटॉप घेऊन आले. प्लॉटवर काम सुरू कराचं हाये.
"वहिनी, ते टेबल... म्हंजे, आता ती अट काढून पाहू का?"
"पाहा."

एक बटन दाबलं. अख्खं घर माह्या डोळ्यासमोर हाललं. ह्याईची खोली गेली. तिथं माही मोठी खिडकी आली. उजेडच उजेड.

खरं सांगू? लय चांगलं घर होतं.

त्याचंच भेव वाटलं. ह्याईच्याबिगर इतकं बेस जमते?

"भाऊ, अट परत टाका."
"वहिनी, खिडकी जाईन तुमची."
"जाऊ द्या. लाईट लावीन मी."

भिंती सरकल्या. खोली परत आली. रिकामी.

अवो, सोमवारी पाया खोदून राह्यलो. तुमची खोली धरून.

जाताना 'येतो' म्हनले नाही तुमी, म्हनून मी बी 'या' म्हनत नाही.

नमस्कार घ्या.