नवमीला सुटं राहिलेलं चाक

व्यंकोजीच्या सायकलीला दुकानदाराचा हात कधी लागला नाही. शिवाजीनगरात पावलोपावली सायकलची दुकानं, पण हा गडी पंक्चरसुद्धा घरीच काढायचा. अंगणात सायकल उलटी ठेवायची आणि बायकोच्या, मालनबाईच्या, घमेल्यात ट्यूब बुडवून बसायचं. बुडबुडा दिसला की स्वारी खूश! त्यातच चेन धुतलेल्या रॉकेलच्या वासाने मालनबाई वैतागायची, घमेलं लपवायची. पण जित्याची खोड, ती काय जाणार? आणि आपला पंपसुद्धा त्याने कधी शेजाऱ्याला दिला नाही. लोक वापरून बिघडवतात म्हणे.

ही विद्या बापाची, आप्पाजींची. आप्पाजी जन्मभर फिटर होते. चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना येणारी डुगडुग, कशी काढायची, छर्ऱ्यांना ग्रीस किती लावायचं, सगळं त्यांनीच पोराला शिकवलं. त्याबरोबर एक रीतही शिकवली. अष्टमीपर्यंत सायकल खोलून, पुसून, जोडून तयार ठेवायची. खंडेनवमीला पान्यांना कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत ना सायकलीला हात लावायचा, ना हत्याराला. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस त्यांनाही झोपू दे, असं आप्पा म्हणायचे.

एकसष्ट साली मात्र अष्टमीला मागच्या चाकाने त्याचा जीव खाल्ला. केसभर आऊट राहत होता. दुसरा कुणी म्हणाला असता, चालतंय की. हा स्पोक आवळत बसला, सैल करत बसला आणि नवमी उजाडली. मग चाक तसंच सुटं ठेवून त्याने शेवंतीचा हार घातला, पाने मांडले आणि पूजा उरकली.

दुपारी शहराबाहेरच्या येलहंक्याहून कृष्णात आला. आप्पाजी तिथे लेकीकडे, ठकुबाईकडे राहायचे. कृष्णात त्यांचा शेजारी. आप्पांना धाप लागलीय, डॉक्टरांनी आशा सोडलीय, डोळे सारखे दाराकडे लागलेत, असं त्याने सांगितलं. तो आला ती बस लगेच परत निघून गेली होती. नंतरची थेट संध्याकाळी, आणि सणाच्या दिवशी तिचाही भरवसा नाही. सायकलीवर तासाभराचा रस्ता.

व्यंकोजी ताडकन उठला. एकुलता एक मुलगा तो. बापाच्या तोंडात शेवटचं पाणी त्याने नाही घालायचं तर कुणी? तो पूजेपुढे जाऊन उभा राहिला. चाक बसवायला असा कितीसा वेळ लागणार होता? पाना उचलायचा, दोन नट आवळायचे, झालं. पण हात पुढे होईना.

मालनबाई मागे येऊन उभी राहिली. "उचला पाना. स्वल्प हात जोडा देवाला आणि उचला. देव काही खाणार नाही तुम्हाला."

"आप्पांची रीत आहे," तो म्हणाला. "ते तिकडे शेवटच्या घटका मोजतायत, आणि मी इकडे त्यांचाच शब्द मोडू?"

भाड्याची सायकल घ्यायची, तर दुकानंही आज पूजेसाठी बंद. शेजाऱ्याची मागायची, तर कुठल्या तोंडाने? त्याने चपला घातल्या आणि येलहंक्याची वाट धरली. रस्त्यावर कुणी थांबून गाडीत घेईल म्हणून हात करत राहिला. हार घातलेल्या लॉऱ्या धूळ उडवत निघून गेल्या.

दिवेलागणीला तो पोचला तेव्हा अंगणात माणसं खाली माना घालून उभी होती. कुणाला विचारायची गरजच नव्हती. आत आप्पा शांत पडले होते, आणि उशाशी ठकुबाई होती.

"थोडक्यात चुकामूक झाली रे, अण्णा," ती रडत म्हणाली. मग तिने सांगितलं. दुपारी आप्पांनी विचारलं होतं, आज नवमी ना गं? ती हो म्हणाली. तशी त्यांनी दाराकडची नजर काढून घेतली. व्यंकोजी आता उद्याच येईल, आज तो सायकलीला हात लावायचा नाही, मीच शिकवलंय त्याला, असं म्हणाले.

"आणि शेवटी?" व्यंकोजीने विचारलं.

ठकुबाई आप्पांचं पांघरूण सारखं करू लागली. त्याने पुन्हा विचारलं.

"म्हणाले, एवढं एकदा पोरानं माझं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं."

व्यंकोजीने कोपऱ्यातला तांब्या घेतला आणि बापाच्या ओठांवर पाणी सोडलं. ते गालावरून उशीत उतरलं. पदराने पुसू पाहणाऱ्या ठकुबाईचा हात त्याने बाजूला केला आणि पुन्हा सोडलं.