अख्ख्या बॅचला ताक

चहा आधी संपवा. ऐकताना ठसका लागला तर मला बोलायचं नाही! कारण माझ्यासारखी बाई, मराठीची प्राध्यापिका, कानांकडून एवढा दगा खाईल असं मलाही वाटलं नव्हतं.

तर मी चाकणजवळच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. राहते दापोडीत, त्यामुळे अर्धं आयुष्य स्कूटरवर. आमच्याकडची मुलं म्हणजे कुरुळी, तळेगाव, इकडचीतिकडची. हुशार हो! पण दिवाळी आली की एकेक जण गायब. कुठल्यातरी कंपनीत कंत्राटावर चिकटतो, शिफ्ट सुरू होते, कॉलेज सुटतं. माझे वडीलही कंपनीतच होते, त्यामुळे त्या मुलांना रागवायला माझी जीभ कधी उचलली नाही.

आमचे प्राचार्य बोराडे सर मात्र पेटले. म्हणाले, "पहिल्या वर्षाची एक बॅच धरायची. मराठी, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र, सगळे तास एकाच सूत्रात ओवायचे. मुलं एका विषयाभोवती जमली की एकमेकांना धरून राहतील. नाही राहिली, तर पुढच्या वर्षी हा खेळ बंद!"

सूत्र ठरवायच्या मीटिंगला मी अर्थातच नव्हते. मी मोशीच्या पुढे ट्रेलरच्या रांगेत अडकले होते. तिथंच सरांचा फोन आला. मागून हॉर्न, बाजूला डंपर, डोक्यावर हेल्मेट.

"मॅडम, सूत्र ठरलं! ताक!"

"काय? ताक?"

"हो हो! आपल्या भागाला शोभणारं. घराघरांतलं!"

"सर, ताकावर वर्षभर पुरेल का?"

"अहो, जितकं फिरवाल तितकं त्यातनं निघेल!"

आता सांगा, यापुढे कोणी शंका घेईल का? मला तर गहिवरूनच आलं. सगळीकडे कारखाने, आणि आमच्या सरांना आठवलं काय, तर ताक! केवढी दृष्टी!

स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सविस्तर निरोप आला असणार. पण त्या ग्रुपवर पहाटेपासून फुलं उमलतात, म्हणून मी तो कधीच गप्प करून टाकलाय.

सोमवारी पहिला तास माझाच. फळ्यावर मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलं, 'ताक'. वर्गात शांतता! मी म्हटलं, बघा, पोरं भारावली.

"कुणाच्या घरी अजून रवीनं घुसळतात?" मी विचारलं.

कुरुळीच्या ऋतुजानं हात वर केला. "आमच्या आजीकडं हाय मॅडम, रवी न् डेरा."

"लाव फोन आजीला!"

स्पीकरवर आजी आल्या. ताक घुसळताना काय म्हणायचे, लोणी आलं हे कसं ओळखायचं, म्हैस दूध चोरते म्हणजे नक्की काय करते, आजींनी सगळा तास खाल्ला. शेवटी म्हणाल्या, "बाई, मला आजवर कुनी इचारलंच न्हाई वो हे!" मी डोळे पुसले. दोनचार मुलींनीही पुसले.

मग काय विचारता! मी सुटलेच. ताकावरची गाणी, ताकाचे शब्द, कढीवर निबंध, मठ्ठ्यावर वादविवाद. मुलं लिहायची, पण अधूनमधून एकमेकांकडे बघून खाली माना घालायची. मला वाटायचं, विनय!

एकदा स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राचे सोनवणे सर भेटले. फार सज्जन माणूस.

"मॅडम, मुलं काय प्रश्न विचारतात हो! परवा एक जण म्हणाला, सर, गोल फिरवल्यावर लोणी मधेच का जमतं, कडेला का नाही? मी दोन तास त्याच्यावरच घेतले!"

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. "माझ्याकडे तर मुलं घरून वस्तू आणतायत, सर."

"घरून? गॅरेजमधून नाही?"

"गॅरेज कशाला? आजीकडून."

"अच्छा, जुनी असतील. लाकडी?"

"लाकडीच. दोरीवाली."

"दोरीवाली?" सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि नेमकी तेव्हाच घंटा झाली! त्या घंटेनं माझी अब्रू आणखी काही महिने वाचवली.

दिवाळी आली आणि गेली. आश्चर्य म्हणजे बॅच जागेवर! ओंकार नावाच्या मुलाला एका कंपनीत काम लागलं होतं. मी धरून चालले होते, गेला हा. तर हा पठ्ठ्या सेकंड शिफ्ट मागून घेऊन सकाळी कॉलेजात हजर. "नाय मॅडम, मी नसलो तर यांचं अवघड होतंय," एवढंच म्हणाला. काय अवघड होतं, ते मी विचारलं नाही. मी ताकाच्या धुंदीत.

वर्षअखेरीला सादरीकरण ठेवलं. पाहुणे म्हणून एका कंपनीचे मोठे साहेब. मी घरून हिंग-कोथिंबीर लावून मठ्ठ्याचे दोन कॅन भरले, स्कूटरच्या पुढ्यात ठेवले आणि धक्के खात हॉलवर पोचले. आत शिरते तर व्यासपीठावर हा लांबलचक बॅनर: 'चाक: एक सूत्र, अनेक विषय'.

माझ्या पायाखालची जमीन सरकायला हवी होती, नाही का? नाही सरकली! मी कडाडले, "छापणाऱ्यानं घोळ घातला! पाहुणे यायच्या आत दुरुस्त करा!"

कोणी हलेना. मग मीच खुर्ची ओढली, मार्कर घेतला, वर चढले आणि 'च'च्या पोटावर 'त' गिरवायला घेतला.

"मॅडम, काय करताय?" खालून सोनवणे सर.

"सर, 'ता'चा 'चा' झालाय!"

"अहो, 'चा'च आहे तो!"

"चाकावर कोणी वर्षभर शिकवतं का?"

"मी शिकवलं की!"

मी खुर्चीवर तशीच उभी. एका हातात मार्कर. तेवढ्यात ऋतुजा धावत आली. "मॅडम, उतरा ना खाली. सांगते."

आणि तिनं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सोनवणे सरांनी फळ्यावर 'चाक' लिहिलं, तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं.

"मग मला सांगितलं का नाही गं?"

"कसं सांगणार? आजी आठवडाभर गावात सांगत होती, कॉलेजच्या बाईंनी मला इचारलं म्हणून. अन् तुमी एवढ्या खूश. मग आमी ग्रुप काढला, 'ताक गुप्त'. रोज वडापावच्या गाडीवर मीटिंग. सरांच्या तासाला ताकाचं काय विचारायचं, तुमच्या तासाला चाकाचं काय बोलायचं नाही, सगळं ठरवून."

मला हसावं की रडावं कळेना. एवढ्यात पाहुणे आले. साहेबांची कंपनी कशाची? चाकांची!

पडदा उघडला. ओंकारनं सायकलचं मागचं चाक रवीला जोडलेलं. तो पॅडल मारतोय, डेऱ्यात रवी गरगरतेय, एक मुलगी चाकाचं गणित सांगतेय, दुसरी दूधधंद्याचा हिशेब मांडतेय, तिसरी आजीचं गाणं म्हणतेय. सगळं इतकं चपखल, की जणू पहिल्यापासून हेच ठरलं होतं! पुढच्या रांगेतून आजी उठल्या, डेऱ्यात वाकून बघितलं आणि जाहीर केलं, "व्हय, लोनी आलंय!" हॉल टाळ्यांनी दणाणला. साहेब दोन पेले ताक प्यायले. बोराडे सर माझ्याकडे असे बघत होते, की ही बाई म्हणजे प्रतिभा! मीही मान तिरकी करून प्रतिभावान दिसायचा प्रयत्न केला.

तो टिकला थोडाच वेळ.

साहेबांनी माइक घेऊन ऋतुजाला विचारलं, "कामं सांभाळून तुम्ही सगळे वर्षभर एकत्र टिकलात. एकही जण गळला नाही. हे नक्की कशामुळे जमलं?"

ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं. मी उदारपणे मान हलवली, म्हणजे, सांग बाळा, काय खरं असेल ते सांग.

"सर," ती म्हणाली, "एकट्यादुकट्याला झेपण्यासारखं नव्हतंच ते. मॅडमना सांभाळायला अख्खी बॅच लागायची!"