माहितीतला माणूस

८ जून. सोसायटीच्या नव्या वॉचमनची निवड आमच्या घरी होती, म्हणजे चहा माझ्या गळ्यात.

आमचे चेअरमन बोलण्याआधी चष्मा काढतात आणि बोलून झालं की पुन्हा लावतात. "अहो, ओळखीपाळखीनं नोकऱ्या वाटल्या म्हणून तर हे दिवस आले. इथे फक्त गुणवत्ता बघायची." मग त्यांनी आमचा जिना झाडणाऱ्या सुनीताच्या नवऱ्याला पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचायला लावला. चाकणचं काम सुटल्यापासून तो घरीच होता. अडखळत का होईना, त्यानं वाचला. दुसऱ्या उमेदवाराला त्यांनी एवढंच विचारलं, "आई बरी आहे ना?" आणि त्यालाच नेमलं.

"हा तुमच्या गावचा ना?" मी म्हटलं.

चष्मा निघाला. "गावचा आहे, पण ओळखीचा नव्हे. माहितीतला आहे."

दारात उभ्या असलेल्या सुनीतानं चहा नको म्हटलं.

९ जून. सकाळी मी कोथरूडच्या मैत्रिणीला फोन केला. तिच्या सोसायटीतही वॉचमन हवा होता.

"माणूस कसा आहे?" तिनं विचारलं.

सुनीताच्या नवऱ्याला मी कालच पहिल्यांदा पाहिलं होतं. मी चष्मा काढला. "माझ्या माहितीतला आहे," म्हटलं.